प्राथमिक वर्गाचे नगरशिबिर

'शिबिर' हा शब्द मूळचा सैन्याचा. मोहिमेवर निघालेले सैन्य मुक्कामाच्या जागी तंबू-राहुट्यांचे जे तात्पुरते नगर उभारीत असे, त्यास संस्कृतात शिबिर म्हणत. विसाव्या शतकात मराठीने हा शब्द युद्धापासून सोडवून घेतला. १९४१ नंतरची राष्ट्र सेवा दलाची शिबिरे, १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची श्रमशिबिरे, आणि पुढे सुट्ट्यांतील संस्कार-शिबिरे व छंद-शिबिरे, अशी वाट चालत तो प्राथमिक शाळेच्या दारापर्यंत येऊन पोहोचला. या प्रवासात अर्थाचा एक अंश मात्र बदलला नाही. शिबिर म्हणजे वस्तीबाहेर जाणे, ही कल्पना कायम राहिली. इंग्लंडात बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले, तेही ब्राउनसी नावाच्या बेटावर. शहर हे मुलांना कोमेजविणारे, निसर्ग हा त्यांना फुलविणारा, असा एक सरळ हिशोब त्यामागे होता. या हिशोबाने पाहता शहरातच राहणाऱ्या मुलांचे शिबिर शहरातच भरविणे हा वदतोव्याघात वाटेल.

तो तसा नाही. शहरात राहणे आणि शहर ठाऊक असणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. दिल्लीसारख्या महानगरातील चौथीच्या वर्गात बसलेले मूल घर, शाळा, शाळेची बस आणि नातेवाइकांची दोन-चार घरे एवढ्याच बिंदूंमध्ये फिरत असते. बिंदूंना जोडणारी रेषा त्याला दिसत नाही, कारण ती बसच्या खिडकीतून झरझर मागे जाते. उलट त्याच वर्गातील एखादे मूल, ज्याची आई मंडईत भाजी विकते, ते पहाटेचा बाजार, उधारीचा व्यवहार आणि पाण्याच्या टँकरची वेळ हे सारे जाणून असते. परंतु या जाणण्याला वर्गात किंमत नसते, कारण ते पाठ्यपुस्तकाच्या कोणत्याही धड्याखालच्या प्रश्नाचे उत्तर नसते. नगरशिबिराचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. मुलांना शहर दाखविणे हे त्याचे दुय्यम काम. वर्गातील कोणत्या मुलाचे ज्ञान हे ज्ञान म्हणून मान्य व्हावे, हा त्यातील मूळ विषय आहे.

या विचाराला भारतात पूर्वपीठिका नाही असे नाही. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विचारवंत १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते. भारतातील अनेक नगरांचे त्यांनी पायी हिंडून निरीक्षण केले होते. त्यापूर्वी १८९२ मध्ये एडिंबरो येथील एक मनोरा त्यांनी हाती घेतला व त्याचे एक अभिनव संग्रहालय केले. पाहुण्याला प्रथम थेट गच्चीवर नेत आणि तेथून प्रत्यक्ष शहर दाखवीत. मग एकेक मजला खाली उतरताना एडिंबरो, स्कॉटलंड, युरोप आणि सर्वांत शेवटी जग, असा क्रम असे. भूगोलाची पुस्तके बहुधा पृथ्वीच्या गोलापासून प्रारंभ करून मुलाच्या गल्लीपर्यंत पोहोचण्याआधीच संपतात. गेडिस यांची शिडी नेमकी उलट बाजूने लावलेली होती. अमेरिकेत ल्यूसी स्प्रेग मिचेल यांनी 'यंग जिऑग्राफर्स' (१९३४) या पुस्तकात लहान मुलांच्या भूगोलाचा आरंभ त्यांच्या परिसरापासून करावा असे मांडले, तर कॉलिन वॉर्ड या इंग्रज लेखकाने 'द चाइल्ड इन द सिटी' (१९७८) या ग्रंथात शहर हीच मुलांची शाळा कशी होऊ शकते याचा विस्ताराने विचार केला.

मराठी वाचकाला मात्र याहून जवळचे उदाहरण आठवावयास हवे. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकातील कल्पित शिक्षक चौथीचाच वर्ग हाती घेतो आणि गोष्टी, खेळ व भटकंती यांच्या आधारे शिकवितो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह जे कार्य केले, त्यात 'अंगणवाडी' आणि 'कुरणशाळा' या दोन कल्पना जन्मास आल्या. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणावर न्यावी, इतका तो विचार साधा होता. त्यातील पहिला शब्द १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर सर्व भाषांत गेला. दुसरा जवळजवळ विस्मरणात गेला. नगरशिबिर ही कुरणशाळेचीच शहरी बहीण होय. कुरण असो वा बाजार, मूल ज्या भूमीवर वावरते ती भूमीच अभ्यासाची सामग्री, हे तत्त्व दोहोंत एकच आहे.

आता प्रत्यक्ष स्वरूपाकडे वळावयाचे तर दिल्लीतील एखाद्या शाळेचा चौथीचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. वय आठ ते दहा, संख्या तीस-पस्तीस, मुदत तीन दिवस आणि दोन रात्री. मुक्काम शाळेच्याच इमारतीत. घरापासून दोन-तीन मैलांवर असलेल्या शाळेत रात्री झोपावयाचे, ही गोष्ट मोठ्यांना क्षुल्लक वाटते. पण ज्या वर्गात रोज दुपारी गणिताचा तास होतो त्याच वर्गात बाके बाजूला सारून सतरंज्या अंथरताना मुलांना जी नवलाई वाटते ती दूरच्या डोंगरी बंगल्यातील खाटेवर वाटतेच असे नाही. ऋतूची निवड महत्त्वाची. नोव्हेंबरात दिल्लीची हवा मुलांच्या फुप्फुसांना घातक असते, जानेवारीत धुके सूर्य झाकून टाकते, एप्रिलनंतर ऊन सोसत नाही. उरतो तो फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. सूर्याची येथे विशेष गरज आहे, कारण शिबिराचा सर्वांत संपन्न भाग सावलीवर अवलंबून आहे.

पहिल्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवावी. दर दहा-पंधरा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सावली सर्वांत आखूड केव्हा होईल, असे विचारले तर बहुतेक मुले 'बाराला' असे सांगतील, आणि पुष्कळ शिक्षकही तेच सांगतील. प्रत्यक्षात बारा वाजतात, सव्वाबारा वाजतात, तरी सावली आखूड होतच राहते. फेब्रुवारीच्या मध्यास दिल्लीत ती सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी सर्वांत लहान, म्हणजे जवळजवळ ९० सेंटिमीटर होते. घड्याळ चुकले की सूर्य, असा वाद त्या पटांगणात सुरू झाला की शिबिराचे निम्मे काम झाले असे समजावे.

उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी मुलांना संसद मार्गावरील जंतरमंतर येथे न्यावे. जयपूरचे सवाई जयसिंह यांनी १७२४ मध्ये ही वेधशाळा उभारली. पुढे जयपूर, उज्जैन, वाराणसी व मथुरा येथेही त्यांनी वेधशाळा बांधल्या, त्यांपैकी मथुरेची आज अस्तित्वात नाही. येथील सम्राट यंत्र हे वस्तुतः एक प्रचंड छायायंत्र आहे. त्याची तिरकी भिंत क्षितिजाशी जो कोन करते तो दिल्लीच्या अक्षांशाएवढा, सुमारे साडेअठ्ठावीस अंशांचा आहे, म्हणून भिंतीची वरची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि ध्रुवाकडे रोखलेली असते. दोन्ही बाजूंच्या चापांवरून सावली तासाला पंधरा अंश या एकाच गतीने सरकते. काठीची सावली वेड्यावाकड्या वेगाने फिरते आणि या भिंतीची का फिरत नाही, हा प्रश्न चौथीच्या मुलाला पूर्णपणे उलगडणार नाही. तो उलगडलाच पाहिजे असेही नाही. चापावरची सावली डोळ्यांदेखत सरकताना दिसते, एवढा अनुभव त्या वयाला पुरेसा आहे.

सावलीच्या कडेला बोट लावावयास सांगितले की आणखी एक गंमत होते. कड सापडत नाही. ती काळ्यातून हळूहळू उजेडात विरघळत जाते. सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्धा अंश व्यासाची तबकडी आहे, त्यामुळे ही उपच्छाया उत्पन्न होते, आणि अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. एवढे मोठे यंत्र बांधूनही निसर्गाने दोन मिनिटांची अस्पष्टता राखून ठेवलीच. एखादी बारीक काडी चापाजवळ आडवी धरून तिची सावली केव्हा पुसट होते हे पाहिले तर कड अधिक नेमकी पकडता येते. मुले हा खेळ कितीही वेळ खेळू शकतात. खेदाची गोष्ट ही की येथील चापांवरील अंशांच्या खुणा अनेक ठिकाणी झिजलेल्या आहेत आणि भोवतालच्या उंच इमारती सूर्याला अडवितात. ज्या शहराने वेधशाळा स्मारक म्हणून जपली, त्याच शहराने तिचे आकाश काढून घेतले, ही गोष्ट मुलांना सांगावी लागत नाही. त्यांपैकी कोणीतरी ती आपणहून बोलून दाखवितेच.

घड्याळ आणि सूर्य यांच्यातील तफावतीचा हिशोब मात्र फळ्यावर मांडता येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, दिल्ली ७७.२ अंशांवर. सूर्याला एक अंश ओलांडण्यास चार मिनिटे लागतात, म्हणजे दिल्लीची मध्यान्ह घड्याळाच्या बाराच्या पुढे सुमारे २१ मिनिटे. उरलेली चौदा मिनिटे पृथ्वीच्या कक्षेच्या लंबवर्तुळाकारामुळे आणि अक्षाच्या कलण्यामुळे येतात व ऋतूप्रमाणे बदलतात. नोव्हेंबरच्या आरंभी हीच गोष्ट उलट दिशेने घडून मध्यान्ह १२ वाजून ५ मिनिटांच्या आसपास येते. पहिला भाग गुणाकाराचा असल्याने मुलांनी करावा, दुसरा शिक्षकांनी सांगून सोडून द्यावा. वर्गात मुंबईहून बदली होऊन आलेले एखादे मूल असेल तर त्याला त्याच्या गावाचाही हिशोब करू द्यावा. तो सुमारे ३९ मिनिटांचा येतो. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत टिकवून धरली होती.

जंतरमंतरपासून हेली रोडवरील अग्रसेन की बावली पायी गाठता येते. शंभराहून अधिक पायऱ्या आणि दोन्ही अंगांना कमानींचे कोनाडे असलेली ही पायविहीर राजा अग्रसेनाच्या नावाने ओळखली जाते. तिचे आजचे वास्तुरूप मात्र तुघलक-लोदी काळातील शैलीशी जुळते. येथे पायऱ्या मोजणे हा मुलांचा पहिला उद्योग असतो आणि प्रत्येक गटाची संख्या वेगळी येते, हेही ठीकच आहे. दुसरा उद्योग शब्दांचा. 'हिला तुमच्या घरी काय म्हणतात?' असे विचारताच दिल्लीतील वर्गाचे भाषिक वैभव प्रकट होते. हिंदी मूल बावली म्हणेल, राजस्थानी बावडी, गुजराती वाव, कन्नड मूल गावातल्या कल्याणीची आठवण सांगेल, मराठी मूल बारव म्हणेल. अर्थात त्याच्या आजीने तो शब्द घरात टिकविला असेल तरच. बावली, बावडी आणि वाव या तिन्ही शब्दांचे मूळ संस्कृत 'वापी'त आहे. परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलांची भाषा पुस्तकांच्या उताऱ्यांनी जितकी टिकेल त्याहून अशा एखाद्या वस्तूला चिकटलेल्या शब्दाने अधिक टिकेल. दीर्घकाळ दिल्लीत राहिलेल्या काका कालेलकरांनी मराठी, गुजराती व हिंदी या तिन्ही भाषांत लिहिले, त्यामागेही प्रदेशाला पायी भेटण्याचीच वृत्ती होती.

बावलीतून पाण्याचा विषय निघतो आणि येथे शिबिर खेळापलीकडे जाते. पूर्वी पाणी खाली होते आणि माणूस त्याच्याकडे उतरत असे. आता ते नळाने येते. ते येते कोठून? दिल्लीच्या नळात यमुनेचे पाणी आहे, उत्तर प्रदेशातील कालव्यातून आलेले गंगेचे आहे, हरयाणातून येणाऱ्या कालव्यांचे आहे. नकाशावर या तीन वाटा निळ्या रंगाने रेखाटून झाल्या की प्रत्येक मुलाने आपल्या घराशी त्या वाटेचे शेवटचे टोक कसे पोहोचते ते काढावयाचे. कोणाच्या घरी गच्चीवरची टाकी, कोणाकडे सकाळचा एक तास, कोणाकडे टँकर आणि रांगेतली बादली. एकाच कागदावर ही तीनही चिन्हे शेजारी-शेजारी उमटतात. शिक्षकाने येथे फार बोलू नये. आपण एकाच शहरात राहतो आणि तरी एकच पाणी पीत नाही, ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला समजते; फक्त ती दयेच्या सुरात सांगितली गेली तर टँकरवाल्या घरचे मूल पुन्हा कधी हात वर करणार नाही. म्हणूनच गरीब वस्ती 'दाखविण्यासाठी' मुलांची रांग नेणे हा प्रकार कितीही सद्हेतूने केला तरी त्याज्य समजावा. ज्या वस्तीत वर्गमित्र राहतो ती प्रेक्षणीय स्थळ होऊ शकत नाही.

त्याऐवजी पालकांनाच शिबिराचे शिक्षक करावे. नळजोडणी करणारे एखाद्याचे वडील, शिवणकाम करणारी कोणाची आई, बस चालविणारे काका, टपाल वाटणारे शेजारी यांनी तासभर येऊन आपले काम करून दाखवावे आणि मुलांनी प्रश्न विचारावेत. अवजारांची नावे त्यांच्याच तोंडची टिपून घ्यावीत. १९३७ मध्ये झाकीर हुसेन समितीने वर्धा योजनेत हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' ही संज्ञा रूढ केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुतार, माळी, कुंभार यांच्या सहवासात दहा दप्तरमुक्त दिवसांची सूचना केली. हे दहा दिवस मात्र सहावी ते आठवीसाठी आहेत. प्राथमिक वर्गाचा विचार त्यात नाही, आणि वस्तुतः कामाबद्दलचा तिरस्कार वा आदर ही दोन्ही बीजे सहावीच्या पुष्कळ आधी रुजलेली असतात.

आझादपूरच्या घाऊक मंडईत पहाटे जाणे जमले तर तेही करावे. लासलगावचा कांदा, नागपूरची संत्री, हिमाचलची सफरचंदे यांच्या पेट्यांवरील गावांची नावे वाचणे हा भूगोलाचा तास आहे. गर्दी मात्र मोठी, तेव्हा लहान गट नेणेच शहाणपणाचे.

इतर स्थळांविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालयात (१९७७) पतियाळा संस्थानाच्या एकरुळी आगगाडीचे इंजिन आहे. तिचा जवळजवळ सर्व भार एका रुळावर आणि तोल सांभाळणारे चाक बाजूच्या रस्त्यावर, ही रचना पाहून मुले सायकलीला बाजूची चाके कशासाठी असतात हे स्वतःच सांगू लागतात. बहादुरशहा जफर मार्गावर व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उघडलेले बाहुल्यांचे संग्रहालय, आणि नेहरूंच्या प्रेरणेने १९५६ मध्ये स्थापन झालेले कोटला रोडवरील बालभवन, ही दोन्ही मुलांच्या ओळखीची असतात. एका दिवशी एकाहून अधिक संग्रहालये घेऊ नयेत. काचेमागच्या वस्तू मुलांना लवकर दमवितात.

संध्याकाळी नकाशांचे काम. शिबिरापूर्वी प्रत्येक मुलाने शाळेभोवतालच्या परिसराचा आठवणीतून एक नकाशा काढलेला असतो. शेवटच्या दिवशी तो न पाहता पुन्हा काढावयाचा. केव्हिन लिंच यांनी 'द इमेज ऑफ द सिटी' (१९६०) या ग्रंथात माणसे शहर मनात कसे साठवितात याचा अभ्यास अशाच रेखाटनांवरून केला आणि पुढे युनेस्कोच्या साहाय्याने १९७७ मध्ये अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको व पोलंड येथील मुलांच्या शहरानुभवाचा अहवाल प्रसिद्ध केला. या प्रकल्पाची पुढे जी नवी आवृत्ती झाली तीत बंगलोरचाही समावेश होता. चौथीच्या मुलांच्या नकाशांतून इतक्या खोल निष्कर्षांची अपेक्षा नाही. पहिल्या नकाशात रस्ता ही एक रिकामी पट्टी असते. दुसऱ्यात त्या पट्टीवर चांभाराची पेटी, पिंपळ, तुटलेली फरसबंदी आणि ज्याला घाबरावे असा कुत्रा उगवतो. जेथे पदपथ संपतो आणि मुलांना गाडीच्या वाटेत उतरावे लागते अशा जागा लाल रंगाने दाखवावयास सांगितल्या, तर तो कागद नगरपालिकेकडे पाठविण्याइतका उपयुक्त होतो.

अडचणींची चर्चा टाळून चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) मानकांत प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. रस्त्यावर ते निरुपयोगी ठरते. पाच-सहा मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती नसेल तर शिबिर भरवू नये. रात्रीच्या मुक्कामाला, विशेषतः मुलींच्या बाबतीत, काही पालक नकार देतील. त्यांच्याशी वाद न घालता मुलीने संध्याकाळी घरी जाऊन सकाळी यावे अशी मुभा ठेवावी. दुसऱ्या वर्षी तीच पालक मंडळी बहुधा स्वतःहून मुक्कामाला सोबत येतात.

सर्वांत अवघड प्रश्न पैशाचा आहे. अनेक शहरी शाळांतून शिबिर हे आता बाहेरच्या व्यावसायिक संस्थांकडे सोपविलेले प्रकरण झाले आहे. सारखे टी-शर्ट, दोरावरून घसरण्याचे खेळ, छायाचित्रे आणि भरभक्कम शुल्क. ज्यांना ते परवडत नाही ती मुले त्या तीन दिवसांत 'आजारी' पडतात, आणि शिक्षकाला त्या आजाराचे कारण ठाऊक असते. पंचवीस टक्के राखीव जागांवर कायद्याने प्रवेश मिळालेले मूल वर्गात बसते आणि शिबिराच्या यादीतून गळते, तर प्रवेशाचे ते दार अर्धेच उघडले असे म्हणावे लागेल. नगरशिबिराचे बळ त्याच्या स्वस्ताईत आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही, मुक्काम शाळेतच, बरीचशी वाट पायी. उरतो तो जेवणाचा आणि थोड्या बसभाड्याचा खर्च. तो सर्वांनी वर्गणीने उचलावा व कोणी किती दिले हे मुलांना कळू नये. संपूर्ण वर्ग येणार नसेल तर शिबिर पुढे ढकलावे, रद्दही करावे. काही मुलांना वगळून निघालेला वर्ग हा वर्ग राहत नाही, ती सहल होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सतरंज्या गुंडाळल्या जातात, बाके जागच्या जागी येतात. पटांगणातील काठी मात्र काढू नये. तिच्या सावलीचे खडे पावसाने व खेळाने हलतात, म्हणून फरशीवर रंगाने एक खूण करून तारीख लिहावी आणि २१ मार्चला मधल्या सुट्टीत मुलांनी पुन्हा तेथे जमावे. फेब्रुवारीत नव्वद सेंटिमीटर असलेली मध्यान्हीची सावली त्या दिवशी चौपन्न-पंचावन्न सेंटिमीटरांवर आलेली असते.